हुकातलं कुंकू

वर बघा. अजून थोडं वर. हां, ती साखळ्या सोडून लोंबकळतेय ना, तीच मी.

मी चेनपुली. दुकानात शिरल्यापासून तुम्ही जहीरभाईला सलाम केलात, बाकड्याखालच्या मांजराला चुचकारलंत, चहाला नको म्हणता म्हणता अर्धा घेतलात. माझ्याकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाहीत. चालायचंच. डोक्यावर टांगलेल्या वस्तूकडे माणूस बघतो ते ती डोक्यात पडल्यावरच.

माझं काम सोपं आहे. एक साखळी ओढली की दुसऱ्या साखळीचा हुक वर जातो, उलटी ओढली की खाली येतो. साठ किलोचा माणूस माझ्या जोरावर हजार किलोचं लोखंड उचलतो आणि वर मिशीला पीळ देतो, जसं काही सगळं त्यानंच केलं!

हुकाच्या तोंडावर एक छोटीशी पत्ती असते. कारखान्यात तिला लॅच म्हणतात, मी तिला जीभ म्हणते. स्प्रिंगमुळे ती आपोआप मिटते, मग ओझ्याला बांधून हुकात अडकवलेला पट्टा ढिला पडला तरी बाहेर निसटत नाही. मिटताना टक असा आवाज येतो. हा आवाज मला फार आवडतो. का ते पुढे कळेलच.

जन्म माझा कोल्हापूरकडचा, भट्टीतला. तेव्हा तोंड जरा तिखट असणारच, गोड मानून घ्या. अंगावर ठळक अक्षरांत कोरलं 'एक टन', शेजारी नंबर ठोकला, पिवळा रंग दिला आणि टेम्पोत घालून पाठवलं थेट चाकणला.

चाकणच्या पुढे, महाळुंग्याच्या रस्त्याला अर्जुनरावांची शेड होती. अर्जुनराव तिथल्याच जुन्या घरातले. कंपन्या आल्या तसा त्यांनी शेतात पत्र्याचा कारखाना घातला. गाड्यांना लागणारे पत्र्याचे लहानमोठे भाग तिथे बनायचे. प्रेस मशीनमध्ये लोखंडी साचा बसवायचा, त्याला डाय म्हणतात. वरून दणका बसला की खालच्या पत्र्याला आकार येतो. या डाया उचलून मशीनवर ठेवायच्या, हे माझं काम.

मला वरून काय दिसायचं सांगू? टकलं. आमच्या शेडमध्ये सगळ्यांना वाटायचं, आपले केस विरळ झाल्याचं कुणाला कळत नाही. मला कळत होतं. सुपरवायझर निरंजनसाहेब तिशीतच मागून मोकळे झाले होते आणि दर तासाला पुढचे केस मागे वळवायचे. आकुर्डीच्या कॉलेजातून शिकून आलेला हुशार मुलगा. वाईट नव्हता हो. फक्त फोनला भ्यायचा. फोन वाजला की त्याचा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा व्हायचा.

आणि त्याचा एक मंत्र होता. "चालतंय की."

माझ्या अंगावर एक टन लिहिलंय, डाय दीड टनाची आहे. चालतंय की. पट्ट्याचे दोरे सुटलेत. चालतंय की. हातमोज्यांची बोटं फाटलीत. चालतंय की, बोटं तर आहेत ना! अहो, मी लोखंडाची, पण तो शब्द ऐकला की माझ्या साखळीला घाम फुटायचा.

अशात एकदा माझ्या जिभेची स्प्रिंग गेली. पत्ती मिटेना, नुसती लुळी लोंबायला लागली. त्याच सुमारास हेच जहीरभाई मला तेलपाणी करायला आले होते. त्यांचं दुकान तळवड्याच्या बाजूला. पुल्या, जॅक, साखळ्या दुरुस्त करायचं त्यांच्या वडलांपासूनचं काम. त्यांनी पत्ती दोनदा हलवून बघितली आणि म्हणाले, "निरंजनसाहेब, हिची स्प्रिंग मेलीय. आजच्या आज बदला. सुपारीएवढी वस्तू आहे, पण बिगर लॅचचा हुक म्हणजे बिगर कडीचं दार."

"चालतंय की, जहीरभाई. पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ दोन वर्षं आली नाही.

आता ज्याच्यासाठी हे पुराण लावलंय त्या माणसाकडे येते. दादासाहेब. बीडकडचा. ठेकेदारामार्फत आमच्या शेडमध्ये लागला तो डाय बदलायच्या कामावर. राहायला मोशीत, भाड्याच्या खोलीत. बायको भाग्यश्री, एका मेसमध्ये चपात्या लाटते. आडनाव, पगार, आधारकार्ड असलं काही मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे तो त्याचा हात. सकाळी पहिली डाय उचलायच्या आधी तो माझ्या साखळीला हात लावायचा, तोच हात कपाळाला लावायचा आणि म्हणायचा, "बाई, सांभाळून घे."

बाकीचे मला ए पुली म्हणायचे. हा एकटा बाई म्हणायचा. लोखंडाला काय, एवढ्यानंही बरं वाटतं.

आमच्याकडे खांडेनवमीचा थाट मोठा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजतात तशी आमच्या शेडमध्ये मशीनं पुजायची. सकाळी डिझेलनं पुसून काढायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचे हार, नारळ, पेढे. रीत अशी की जो ज्या मशीनवर काम करतो त्यानंच तिची पूजा करायची. आणि एकदा पूजा झाली की मशीनला हात लावायचा नाही. तिची सुट्टी. वर्षभर राबते बिचारी, एक दिवस तरी हार घालून बसू दे.

दोन वर्षांमागच्या खांडेनवमीला दादासाहेबानं माझी पूजा केली. करंगळीच्या शेजारच्या बोटानं कुंकू लावायचं असतं. पण गडी एका बोटावर थांबेना. हळदकुंकू पाण्यात कालवलं आणि हुकाला भरभरून माखलं. बाहेरून, आतून, वाकात, टोकाला. अंगावर ग्रीस होतंच, त्यात ते असं बसलं की मी लग्नातली नवरी दिसायला लागले.

मग हार. हार हुकात घालायला गेला की ती मेली लुळी पत्ती आडवी यायची आणि हार घसरायचा. एकदा घातला, घसरला. दुसऱ्यांदा घसरला. दादासाहेबानं पूजेच्या ताटातला लाल धागा घेतला, पत्ती मागे ओढली आणि उघडीच बांधून टाकली. हार बसला झोकात.

मी ओरडायला हवं होतं. पण खरं सांगते, मी खूश झाले होते. इतकी वर्षं डोक्यावर टांगलेली, पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे मान वर करून बघत होते. अर्जुनराव स्वतः मोबाइल घेऊन आले. "थांबा, पुलीचा फोटू काढतो. बघा कशी नटलीया! हे माझं प्रेस, ही माझी पुली, आमच्यात अशी खांडेनवमी व्हती." असं म्हणून त्यांनी माझे जवळून, लांबून, खालून फोटो काढले. मीही जमेल तेवढी ऐटीत लोंबकळले. मग पेढे वाटून, सगळ्यांना सुट्टी सांगून अर्जुनराव घरी जेवायला गेले.

ते गेले आणि निरंजनसाहेबाचा फोन वाजला.

फोन ठेवल्यावर तो सरळ दादासाहेबाकडे आला. दादासाहेब चपला घालत होता.

"दादा, एक डाय बदलायचीय. एकच लॉट. गाडी गेटवर उभीये."

"साहेब, आज नगं. पूजा झालीय. शेठला कळलं तर?"

"शेठ जेवून झोपतील. अर्ध्या तासाचं काम आहे."

"देवाचा दिवस हाय, साहेब."

"देव येणारे का डिस्पॅचला सही करायला? चल, दादा, प्लीज. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

दादासाहेबाला नाही म्हणता यायचं नाही. ठेकेदाराच्या माणसाला ते कुणी शिकवतच नाही. त्यानं चपला काढल्या, बूट घातले. माझा हार काढून खांबाला अडकवला, साखळीला हात लावून कपाळाला लावला. धागा मात्र सोडायचा राहिला.

पट्टा माझ्या हुकात आला. डाय उचलली, मशीनवर नेली, लाकडाच्या ठोकळ्यांवर टेकवली. टेकली की पट्टा ढिला पडतो. अशा वेळी जीभच तो धरून ठेवते. माझी जीभ तर पूजेच्या धाग्यानं मागे बांधलेली. ठोकळा सरळ करायला दादासाहेबानं हात आत घातला, डाय कलली, पट्टा माझ्या तोंडातून सुटला.

त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. मधलं, आणि करंगळीच्या शेजारचं.

यावर मला थट्टा सुचत नाही. इतकंच सांगते की तो ओरडला नाही. "बाई," एवढंच म्हणाला.

निरंजनसाहेबानं आपला शर्ट काढून त्याच्या हाताला गुंडाळला, हे खरं आहे. आणि गुंडाळता गुंडाळता जे बोलला, तेही खरं आहे. "दादा, ईएसआयच्या दवाखान्यात नको, तिथं रांग असते. चांगल्या दवाखान्यात नेतो. कंपनी सगळं बघेल. फक्त तिथं सांग, घरी दारात बोटं चेपली. आज शेड बंद होती ना? आणि दादा... लॅच तूच बांधली होतीस. ते निघालं तर तुझ्यावरच येईल."

दादासाहेबानं माझ्याकडे पाहिलं. लाल धाग्याकडे पाहिलं. आणि मान डोलावली.

तासाभरात निरंजन परत आला. पट्टा जाळला. मला खाली उतरवून पोत्यात घातलं. पट्टा जळतो हो. मी कशानं जळणार? दसरा झाल्यावर मी पोत्यासकट जहीरभाईंच्या दुकानात येऊन पडले. सोबत निरोप: "धुऊन, रंगवून, नवीन लॅच घालून द्या. अर्जंट."

जहीरभाईंनी पोतं सोडलं, डिझेलचा ब्रश हातात घेतला, आणि थांबले. मग वडलांच्या नावानं काहीतरी पुटपुटून ब्रश खाली ठेवला.

"काय झालं, अब्बू?" त्यांची मुलगी अल्फिया डबा घेऊन आली होती, तिनं विचारलं.

"पूजेचं कुंकू आहे हिच्यावर. तुझे आजोबा सांगायचे, पूजा केलेलं हत्यार आलं तर आपण ब्रश मारायचा नाही. ज्यानं लावलं त्यानंच पुसायचं."

त्यांनी लगेच निरंजनला फोन लावला. "साहेब, हिची पूजा केली त्याला जरा पाठवा. त्याच्या हातानं पुसून घेतो, मग धुतो."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण जहीरभाई फोनकडे बघत राहिले. "म्हणतो, राहू दे तिथंच, नवीन पुली आणलीय. काय माणूस आहे! दोन दिवसांत अर्जंटचं 'चालतंय की' झालं."

अशी मी या खिळ्याला लागले. कुंकवासकट, धाग्यासकट.

दोन-अडीच महिने गेले. एके सकाळी दुकानासमोर दादासाहेब उभा. उजवा हात पँटच्या खिशात. बरोबर भाग्यश्री. त्याला माझी ओळख पटली नाही, मी कोपऱ्यात होते. मला मात्र त्याच्या डोक्यावरचा भोवरा बघून लगेच कळलं.

"जहीरभाई, काही काम मिळंल का? बसून करायचं. डाव्या हातानं जमतं आता."

"अरे भावा, तू तर अर्जुनरावांकडे होतास ना?"

दादासाहेबानं भाग्यश्रीकडे पाहिलं. मग भाग्यश्रीच बोलली आणि बोलली ती थांबेचना. पहिल्या महिन्यात कंपनीनं दवाखाना केला. दुसऱ्या महिन्यात ठेकेदार म्हणाला, तुझं नावच यादीत नाही. गेटवरचा पास बंद. ईएसआयच्या दवाखान्यात गेले तर तिथे म्हणाले, कामावरच्या अपघाताचा कागद आणा. कागद कुठला? कागदावर लिहिलंय, घरी दारात बोटं चेपली.

"दारात म्हणं!" भाग्यश्रीचा आवाज चढला. "भाऊ, आमच्या खोलीचं दार पत्र्याचं हाय. त्यानं मांजर अडत न्हाई, अन् ते गड्याची दोन बोटं तोडतंय व्हय? ह्यो डाव्या हातानं घास खातोय. बटन मला लावावं लागतंय. जन्मभराचं झालंय हे, अन् कागद म्हणतोय दारात!"

"गप गं," दादासाहेब म्हणाला. "चूक मपलीच व्हती."

"हे बघा, असं हाय," भाग्यश्री म्हणाली. "पाप ह्यांचं, बोटंबी ह्यांचीच. मग कंपनीचं काय, नुसता नारळ?"

जहीरभाईंना हसू आलं. ते लपवायला ते उठले, आणि मला खिळ्यावरून उतरवून त्याच्यासमोर ठेवलं. "ते राहू दे. आधी सांग, हिची पूजा कुणी केली होती? कधीची अडकून पडलीय बिचारी."

दादासाहेबानं मला पाहिलं. त्याचा खिशातला हात हलला.

"मीच."

"मग तूच पूस की बाबा. तुझ्यापायी मी हिला धुतली नाही." त्यांनी फडकं पुढे केलं.

त्यानं डाव्या हातात फडकं घेतलं, माझ्याजवळ आणलं, आणि हात तिथेच राहिला. त्याला पुसवेना. जहीरभाई वाकले. वर्षानुवर्षं हुकांची झीज बघणारा माणूस तो, त्याची नजर बरोबर वाकाच्या आत गेली.

"कुंकू तू सगळीकडे लावलं होतंस?"

"भरून लावलं व्हतं. आतूनबी."

"मग आतल्या बाजूला ही चार बोटांएवढी जागा रिकामी का?"

"तिथं पट्टा बसला व्हता ना, डाय उचलताना."

"पूजेच्या आधी?"

"आधी कसा? आधी कुंकू कुठं व्हतं?" आणि बोलता बोलता दादासाहेबाचं तोंड उघडंच राहिलं.

कंपनी म्हणत होती, पूजेनंतर शेड बंद होती, कुणी काही उचललं नाही. आणि इथे मी बसले होते, पूजेनंतर कुंकू पुसलेली. अहो, न बोलता एवढी मोठी साक्ष देणारी बाई तुम्ही बघितलीत कधी?

अल्फियाच्या ओळखीच्या एक वर्षालीताई आकुर्डी स्टेशनजवळ कामगारांना सल्ला देतात. त्या दुकानात आल्या, मला चारी बाजूंनी न्याहाळलं, फोटो काढले. मग दादासाहेबासमोर बसल्या.

"अडचण काय आहे? अर्ज का केला नाहीत?"

"ताई, लॅच मीच बांधली व्हती. त्याच धाग्यानं. ते निघालं तर जेलात टाकतील."

"दादा, ईएसआय म्हणजे कामगारांचा विमा आहे. इथं तुमच्या चुकीचे मार्क कापत नाहीत. अपघात कामावर, कंपनीच्या कामासाठी झाला की नाही, एवढंच बघतात. तो कामावर झाला एवढं एक वाक्य कागदावर आलं, की हात जन्मभरासाठी जेवढा अधू झाला तेवढ्याचा हक्क लागतो. आणि उपचार चालू असताना तुम्हाला घरी बसवलं, तेही त्यांना करता येत नाही."

"एक वाक्य?" भाग्यश्रीनं विचारलं.

"एकच. पण ते तुमच्या नवऱ्यानं आधी तोंडानं म्हणायला हवं."

दादासाहेब म्हणेना. धागा आपणच बांधला, देवाच्या दिवशी मशीन आपणच चालवली, देवानं बोटं घेतली, हिशोब मिटला, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. अर्जावर त्यानं अंगठा उठवला तो बायकोच्या धाकानं. मला वाटलं, चौकशीत हा माती खाणार.

चौकशीला विमा कार्यालयाच्या एक अधिकारी बाई आल्या. ठेंगण्याशा, हातात स्टीलचा डबा, चेहरा असा की आता भाजी निवडायला बसतील. मला जहीरभाईंनी रिक्षातून शेडमध्ये नेलं. माझ्या जागी नवीन पुली टांगलेली. गोरीपान, चकचकीत, जीभ टकटक मिटतेय. मला जरा मत्सर वाटला, लपवत नाही.

"मॅडम, हीच ती पुली," निरंजन नवीकडे बोट दाखवत होता. "लॅच बघा, एकदम ओके. आणि त्या दिवशी पूजेनंतर शेड बंदच होती."

"बंद म्हंजी काय, कडेकोट बंद," अर्जुनराव म्हणाले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, निरंजननं त्यांनाही दाराचीच गोष्ट सांगितली होती. "बाई, आमच्या बापजाद्यापासनं रीत हाय. खांडेनवमीची पूजा झाली की हत्याराला बोट लावायचं न्हाई. इश्वास न्हाई? ह्यो फोटू बघा." त्यांनी मोठ्या कौतुकानं मोबाइल पुढे केला. फोटोत मी. नटलेली, हार घातलेली, वाकात आतपर्यंत लालभडक, आणि अंगावरचा नंबर ठळक.

"छान सजवलीय. हिला त्यानंतर कुणी हात लावला नाही?"

"हात लावायचं नाव न्हाई."

"लिहून द्याल?"

"द्या कागद. छातीवर हात ठिवून देतो." आणि अर्जुनरावांनी झोकात सही ठोकली.

बाईंनी कागद नीट घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "जहीरभाई, आणा तिला."

मला टेबलावर ठेवलं. बाईंनी नंबर पाहिला, फोटोतला नंबर पाहिला. मोबाइलचा दिवा माझ्या वाकात टाकला. सगळीकडे सुकलेलं कुंकू, आणि जिथे पट्टा बसतो तिथे स्वच्छ लोखंड. त्यांनी केसातला आकडा काढला आणि पत्तीच्या मुळाशी रुतलेली एक झेंडूची पाकळी हळूच ओढली. पट्ट्याच्या दाबानं ती वहीत ठेवल्यासारखी सपाट झाली होती.

"अर्जुनराव, कुणी हात लावला नाही, तर एवढं दाबलं कुणी?"

शेडमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. टाचणी नव्हती, म्हणून निरंजनचा फोन वाजला. त्यानं पहिल्यांदाच तो उचलला नाही.

"फोनवर फोन येत होते, शेठ," तो म्हणाला. "गाडी उभी होती. एकच डाय होती."

अर्जुनराव लालबुंद झाले. "माझ्या माघारी, पूजेच्या दिवशी तू मशीन चालवलीस? बाटवलीस की रं! आता काय मशीनची शांत करायची का काय—"

"शेठ."

दादासाहेब होता तो. इतका वेळ दाराशी उभा. तो पुढे आला.

"मशीनचं ऱ्हाऊ द्या, शेठ. हात बघा."

आणि त्यानं खिशातून हात काढला. तीन महिने त्या खिशात राहिलेला हात. टेबलावर माझ्या शेजारीच ठेवला. अर्जुनरावांनी पाहिला. मग खुर्ची ओढून खाली बसले.

"मॅडम, लिवा," दादासाहेब म्हणाला. "बोटं हितं गेली. ह्या मशीनवर. साहेबानी सांगितल्यालं काम करताना. घरी न्हाई. दारात न्हाई." मग थांबून म्हणाला, "अन् लॅच मीच बांधली व्हती, हारासाठी. तेबी लिवा."

"बांधावी का लागली?" बाईंनी विचारलं.

"लुळी पडायची."

"स्प्रिंग दोन वर्षांपूर्वीच मेली होती, मॅडम," जहीरभाई म्हणाले. "मी याच जागी उभं राहून सांगितलं होतं. उत्तर काय मिळालं ते साहेबांनाच विचारा."

निरंजननं पुढचे केस मागे वळवले. त्या शेडमध्ये ते दोन शब्द न ऐकता गेलेला माझा तो पहिला दिवस.

कागद यायला पुढे चार महिने लागले. सरकारी कागद म्हणजे काय, माझ्यापेक्षा सावकाश चढतो. मधे डॉक्टरांच्या मंडळानं हात तपासला, वाकव, मूठ कर, पेन धर. कंपनीनं कामावर परत बोलावलं, पण दादासाहेब त्या मशीनखाली उभा राहू शकेना, घाम फुटायचा. शेवटी तो इथेच जहीरभाईंकडे बसायला लागला. मला कंपनीनं परत नेलं नाही. म्हणे अपशकुनी. बघा, दोन वर्षं स्प्रिंग घातली नाही ती माणसं शकुनवाली, आणि अपशकुनी मी!

कागद घेऊन भाग्यश्री आली ती मेसमधूनच, हाताला पीठ तसंच. तिनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं. "सदर दुखापत कामावर असताना व कामामुळे झालेली आहे." परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिला रडू आलं आणि कागदावर पीठ सांडलं.

दादासाहेब उठला. फडकं घेतलं आणि माझ्यावरचं कुंकू पुसलं. सावकाश, आतून, बाहेरून. लाल धागा सोडला. जहीरभाईंनी सुपारीएवढी स्प्रिंग बसवली. आता दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक हुकाची जीभ दादासाहेब तपासतो, आणि न मिटणारा हुक आणणाऱ्याला असा झाडतो की जहीरभाईंना गिऱ्हाइकाची समजूत काढावी लागते.

आज खांडेनवमी आहे. म्हणूनच तर तुम्हाला चहा आणि पेढा मिळाला. बसा, आता माझी पूजा होईल.

तो आलाच बघा. ताट घेऊन. सवयीनं करंगळीच्या शेजारचं बोट कुंकवात बुडवायला गेला... आहे का ते? गेल्या वर्षीही असाच गेला होता. नुसता खुंट माझ्या लोखंडाला लागतो. दादासाहेबा, त्या दिवशी हार घालून घेताना मी खूश झाले होते रे. जमलं तर माफ कर.

त्यानं अंगठ्यानं कुंकू लावलं. हार वर साखळीच्या चाकाला घातला. हुक मोकळा ठेवला. आता डाव्या हाताच्या बोटानं माझी जीभ मागे दाबून सोडली.

टक.

ऐकलंत? माझं तोंड असं मिटलेलंच बरं. तुमचं मात्र मिटू नका. दवाखान्यात कुणी विचारलं कुठे लागलं, तर जिथे लागलं तिथलंच नाव सांगा. दाराला कशाला बोल लावता? त्या बिचाऱ्याला तर मांजरही अडत नाही.